मुदतवाढ कुणाला मिळते?



महाविद्यालयांत सध्या सबमिशनचे दिवस आहेत. ज्यांच्या घरात शिकणारं मूल आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीतला दिवा चालू असतो, सकाळी झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते, फायलींत पानं लावली जातात, अनुक्रमणिकेत तारखा भरल्या जातात आणि मग स्टाफरूमच्या दाराशी मुलं येऊन उभी राहतात. हातात जर्नल. पहिल्या पानावर प्रमाणपत्र, त्यावर विषयशिक्षकांची सही, विभागप्रमुखांची सही, मग शिक्का. एक सही राहिली की काम अडलं. या गर्दीत अधूनमधून एकच वाक्य कानावर येत राहतं, “मॅडम, दोन दिवस द्या ना.”

आज मला या दोन दिवसांबद्दल बोलायचं आहे. ते कुणाला मिळतात, कुणाला मिळत नाहीत आणि न मिळाले तर पुढे काय होतं, याबद्दल.

ज्या पालकांनी आपलं शिक्षण वार्षिक परीक्षेच्या काळात केलं, त्यांना असाइनमेंट म्हणजे शाळेतल्या गृहपाठासारखी किरकोळ गोष्ट वाटते. तशी ती आता राहिलेली नाही. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, सत्र पद्धत तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अंतर्गत मूल्यमापनाला शंभरातले कुठे तीस, कुठे चाळीस गुण असतात. अनेक अभ्यासक्रमांत अंतर्गत आणि लेखी, दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवूनही अंतर्गत गुणांत नापास झालेली मुलं मी दरवर्षी पाहते. त्यातल्या फार थोड्यांना विषय येत नसतो. बहुतेकांचं काम वेळेवर पोचलेलं नसतं.

एकदा तारीख चुकली की पुढची साखळी लांबते. त्या घटकाचे गुण शून्य, मग विषयात एटीकेटी, मग पुन्हा परीक्षेचा अर्ज आणि शुल्क, आणि पुढच्या सत्राच्या अभ्यासाबरोबर मागच्याचं ओझं. असे विषय साठले की वर्ष जातं, मुलांच्या भाषेत वायडी लागते. कॅम्पसवर येणाऱ्या अनेक कंपन्या एखादा विषय राहिलेला असला तरी मुलाखतीला बसू देत नाहीत. दहा गुणांच्या एका असाइनमेंटपासून इथवर येता येतं, आणि या वाटेने आलेली मुलं मला माहीत आहेत.

त्यातल्या एकाबद्दल सांगते. नाव सांगत नाही. लातूरकडचा मुलगा, पुण्यात खोली करून राहणारा. ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीला घरी गेला. वडील एकटे, मजूर मिळेना, त्यात पाऊस आला. आठवड्याने परत येणार होता, ते लांबत गेलं. परतला तेव्हा एका विषयाच्या दोन असाइनमेंटची तारीख उलटून गेली होती. त्याच वर्गातल्या एका मुलीला त्याच शिक्षकांनी त्याच असाइनमेंटसाठी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. तिच्या घरी लग्न होतं. ती सरळ स्टाफरूममध्ये गेली, नीट बोलली, काम झालं. तिचं काहीच चुकलं नाही, तिने विचारलं आणि तिला मिळालं. हा मुलगा मात्र त्या तासाला मागच्या बाकावर बसू लागला आणि पुढे पुढे त्या तासाला यायचाच बंद झाला. मी त्याला नंतर विचारलं, तेव्हा म्हणाला, “मॅडम, तारीख तर गेलीच होती. आता कुठल्या तोंडाने जायचं?”

त्याला कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं. दोन असाइनमेंट राहिल्या म्हणून तो तासाला येईना, तासाला येईना म्हणून हजेरी कमी पडली आणि सत्र संपता संपता त्याचं नाव डिफॉल्टरच्या यादीत लागलं.

माझं म्हणणं या एका गोष्टीत आहे. आपल्याकडे मुदतवाढ तोंडी चालते. ती शिक्षकाच्या स्वभावावर आणि विद्यार्थ्याच्या धिटाईवर अवलंबून असते. ज्याच्या घरात आधी कुणी महाविद्यालयात गेलेलं आहे, ज्याला शिक्षकांशी कसं बोलायचं हे माहीत आहे, त्याला ती मिळते. जो घरातला पहिलाच शिकणारा आहे, ज्याला साहेबासमोर उभं राहायची भीती वाटते, त्याला ती मिळत नाही. आणि खरी गरज बहुतेक वेळा त्यालाच असते. हा अन्याय आहे. कुणी मुद्दाम केलेला नाही, म्हणून तो कमी ठरत नाही.

शिक्षकांची बाजूही मी सांगितली पाहिजे, कारण मी त्यांच्यातलीच आहे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, असे चार-पाच वर्ग, प्रत्येकाचं कारण वेगळं. कारण खरं की खोटं हे ठरवणार कसं? मग काही जण सगळ्यांनाच नाही म्हणतात, काही जण सगळ्यांनाच हो म्हणतात. काही जण डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात. खोलीवर डेंग्यूने पडलेल्या, मेसचा डबाही न खाववणाऱ्या मुलाला सर्टिफिकेटसाठी पुन्हा दवाखान्यात जाऊन पैसे मोजावे लागतात. ज्याला खोटं सर्टिफिकेट आणायचं आहे, त्याला मात्र ते सहज मिळतं. इतक्या वर्षांत या कागदाने खऱ्या-खोट्याची निवड केलेली मी पाहिलेली नाही.

“आधीपासून करायला काय होतं?” हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधणारा एक अभ्यास कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला होता. प्रबंधिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचं काम किती दिवसांत पुरं होईल? सरासरी उत्तर आलं, सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडत गेलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजही कमी पडला. हे अभ्यासू विद्यार्थी होते. वेळेचा अंदाज चुकणं हा माणसाचा स्वभाव आहे. मुलांना आळशी म्हणण्यापूर्वी आपल्या घराचं बांधकाम, मुलीच्या लग्नाची तयारी, ऑफिसातला मार्चअखेर आठवून पाहावा.

शिवाय तारखा ठरतात कशा, तेही पाहायला हवं. एका सत्रात पाच-सहा विषय. प्रत्येक शिक्षक आपल्या सोयीने तारीख देतो आणि ती साहजिकच सत्राच्या शेवटी येते. दुसऱ्याने कोणती तारीख दिली हे कुणी बघत नाही. मग शेवटच्या तीन आठवड्यांत असाइनमेंट, प्रेझेंटेशन, चाचणी, तोंडी परीक्षा सगळं एकावर एक येऊन पडतं. त्या आठवड्यांत एका मुलाने स्वतः लिहिलेली फाईल होस्टेलभर फिरते आणि सकाळपर्यंत तिच्या वीस प्रती तयार होतात. आता तर फोनवर एआय आहेच. आम्ही ते तपासतो, बरोबरची खूण करतो, सही करतो. यात कुणी काय शिकलं? विभागातल्या शिक्षकांनी सत्राच्या पहिल्या आठवड्यात एका टेबलाशी बसून तारखा वाटून घेतल्या, तर यातलं पुष्कळसं टळेल. त्याला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

काहींना वाटतं, सरसकट मुदत वाढवली की प्रश्न मिटला. मला ते पटत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सूचना लागते, मुदत आठ दिवस वाढवली. ज्याने रात्र जागून काम पुरं केलं, त्याच्या पदरी काय पडलं? पुढच्या वेळी तोही थांबणार. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूत, बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला तीस टक्के भारांश असतो. असाइनमेंट ठरलेल्या सत्रात दिली नाही तर पुढच्या सत्राचे नवे प्रश्न घेऊन पुन्हा लिहावी लागते. नोकरी करून शिकणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. तिथेही शेवटची तारीख अनेकदा पुढे जाते आणि मग पहिल्या तारखेवर कुणाचा विश्वास राहत नाही. जो मुदत वाढेलच असा विश्वास ठेवून थांबतो, त्याला नेमकी त्या वर्षी मुदतवाढ मिळत नाही.

नियम लिहिलेला असला की काय होतं, याची उदाहरणं आपल्याच व्यवस्थेत आहेत. अपंग विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. ती कुणाच्या मर्जीवर नसतात, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेली असतात. पीएच.डी.चं पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. त्यानंतर पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. संशोधन करणाऱ्या बाईला पहिल्या दिवसापासून आपल्या हाती किती वेळ आहे हे कळतं. ती मार्गदर्शकापुढे आपल्या घरचं सगळं सांगत बसत नाही. पीएच.डी.च्या पातळीवर जे जमतं, ते बी.ए., बी.कॉम.च्या असाइनमेंटला का जमू नये?

आपली मुलं मोठ्या संख्येने परदेशी जातात, तिथे तोंडी आणि लिहिलेल्या नियमातला हा फरक त्यांच्या अंगावर येतो. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत काम पोर्टलवर ठरलेल्या मिनिटाला द्यावं लागतं. त्यानंतर दिवसागणिक गुण कापले जातात आणि काही दिवसांनी थेट शून्य. पण त्याच विद्यापीठांत मुदतवाढीचा अर्ज असतो. आजारपण, घरातला मृत्यू, अशी कोणती कारणं चालतात आणि कोणती चालत नाहीत हे आधीच सांगितलेलं असतं. थोड्या दिवसांसाठी काही ठिकाणी विद्यार्थ्याचं स्वतःचं निवेदन पुरतं. आपल्याकडून गेलेला मुलगा सवयीने प्राध्यापकांना भेटतो, “सर, दोन दिवस द्या,” म्हणतो. तिथे अनेकदा ते त्यांच्या हातातच नसतं. अर्ज भरायचा राहतो, गुण जातात, आणि एका वर्षाच्या, लाखो रुपयांच्या अभ्यासक्रमात ते भरून काढायला वेळ उरत नाही. अर्ज करणं म्हणजे कमीपणा, असं त्याला इथेच शिकवलेलं असतं.

आणि मुदत काय फक्त विद्यार्थ्यालाच असते? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून विद्यापीठाने ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावावा. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. तयारी पुरी नव्हती, निकाल रखडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली, नंतरच्याही तारखा उलटल्या. पुढच्या शिक्षणासाठी निकाल हवा असलेली मुलं ताटकळत राहिली. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं, पण मुलांचा गेलेला वेळ परत आला नाही. विद्यापीठाची तारीख चुकली तेव्हा विद्यार्थ्यांनी थांबायचं, आणि विद्यार्थ्याची चुकली तेव्हा विद्यापीठाने क्षणभरही थांबायचं नाही, हे कुठल्याही न्यायात बसत नाही.

म्हणून प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. पुढचं सत्र सुरू होईल तेव्हा मुदतवाढीचा नियम एका पानावर लिहून फलकावर लावा. किती दिवस मिळतील, अर्ज कुणाकडे द्यायचा, उशीर झाला तर किती गुण जातील, हे त्यात स्पष्ट असू द्या. सत्रातून एकदा, काही दिवसांपुरती, कारण न विचारता मुदत द्या. त्यापुढे कारण विचारा, पण सर्टिफिकेटाचा हट्ट धरू नका. उशिरा आलेल्या कामाचे गुण जरूर कापा, पण ते परत पाठवू नका. आणि आपण तपासून कधी देणार, ती तारीखही त्याच पानावर लिहा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्या महाविद्यालयात असा नियम नसेल तरी अर्ज करता येतो. कोऱ्या कागदावर चार-पाच ओळी पुरतात. विषय कोणता, मूळ तारीख कोणती, अडचण काय, आतापर्यंत किती काम झालं आणि उरलेलं नेमकं कोणत्या तारखेला देणार, एवढं लिहा. लाचारीचा एक शब्द घालू नका. कागद शिक्षकांच्या हातात द्या, तारखेच्या आधी द्या, आणि तारीख गेली असेल तर आजच द्या. वर्गात येणं मात्र एक दिवसही थांबवू नका.