सिंधूचा नळ नेमका कुठे आहे?

२२ एप्रिल २०२५ला पहलगामचा हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला. लगेच माझ्या फोनवर कोरड्या नदीचा एक व्हिडिओ आला. ‘पाकिस्तानचं पाणी बंद!’ डोकं तापलेलं होतं, मीही तो फॅमिली ग्रुपवर ढकलला.

माझा मामा सांगलीचा. कोयनेतून पाणी सोडलं की घरातलं सामान माळ्यावर चढवणारा माणूस. त्याने एवढंच विचारलं, “अरे, मग अडवलेलं पाणी ठेवलं कुठे?”

बसलो गणित करत. १९६०च्या करारात रावी, बियास, सतलज आपल्याकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाबचं बहुतेक पाणी पाकिस्तानला. या तीन नद्यांतून वर्षाला साधारण ५,८०० टीएमसी पाणी वाहतं. कोयना धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे पन्नासहून जास्त कोयना लागतील! चिनाबवरचे बगलिहार आणि सलाल हे वाहत्या पाण्यावर वीज करणारे प्रकल्प, त्यांच्यात साठा फार थोडा. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, बफर एवढासा आणि डेटा धो धो.

तिकडेही तेच. पाणी वळवलं तर ते युद्ध समजू, असं पाकिस्तान सरकार म्हणालं. ऑगस्टमध्ये पूर आला, तर ‘भारताने मुद्दाम पाणी सोडलं’. त्याच पुरात आपल्या पंजाबातली गावंच्या गावं बुडाली होती, रावीवरच्या माधोपूर बंधाऱ्याचे दरवाजे तुटले होते, ते कोण सांगणार? दोन्हीकडच्या प्रचाराला एक नळ हवा असतो. इकडे तो बंद, तिकडे सोडलेला.

मग धोका नाहीच का? आहे ना. पण तो वेळेचा आणि माहितीचा आहे. धरणातला गाळ धुवायला पाणी सोडायचं आणि मग दरवाजे लावून धरण पुन्हा भरायचं, की खालचा प्रवाह काही दिवस आटतो. मे महिन्यात चिनाबवर असं झालं, आणि खाली खरिपाच्या पेरण्यांचे दिवस. दुसरं म्हणजे, करारानुसार नद्यांचे आकडे एकमेकांना द्यावे लागायचे. ऑगस्टमध्ये तावी नदीच्या पुराचा इशारा भारताने दिला, पण नेहमीच्या सिंधू आयोगातून नाही. उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकी म्हणून.

याची रील कोणी बनवत नाही. मामाला मात्र समजावावं लागलं नाही. २०१९चा पूर पाहिलाय त्याने. म्हणाला, “विसर्ग किती ते वेळेत कळलं, तर निदान गोठ्यातली जनावरं सोडता येतात.”

मी तो व्हिडिओ डिलीट केला. तोवर ग्रुपवरच्या चौघांनी पुढे पाठवला होता.