बिघडलेले सहपत्र आणि शाबूत पत्र



सरकारी पत्राच्या तळाशी ‘सोबत : सहपत्रे ३’ असे लिहिलेले असते. पाकिटात दोनच निघाली, म्हणून आवक विभागातील कारकून मूळ पत्र फेकून देत नाही. ‘एक सहपत्र प्राप्त नाही’ असा शेरा मारून तो पत्र पुढे पाठवतो. संगणकावर कागदपत्रे दाखवणाऱ्या आज्ञावलीकडून आपली अपेक्षा एवढीच आहे. पण तीही पुष्कळदा पुरी होत नाही.

१९९३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आणलेला पीडीएफ हा प्रकार २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. या फाइलीच्या पोटात दुसऱ्या फाइली सहपत्रे म्हणून ठेवता येतात. प्रत्येक सहपत्राची एक नोंद असते : त्याचे नाव, आणि त्याचा मजकूर कोठे आहे याचा निर्देश. फाइल अर्धवट उतरली, ती रचणाऱ्या आज्ञावलीने चूक केली, किंवा कोणी जाणूनबुजून खोडी केली, की नोंद राहते आणि तिने दाखवलेल्या जागी काहीच नसते.

‘काहीच नाही’ हे सांगणारा शून्य निर्देश टोनी होर यांनी १९६५ साली आणला. पुढे त्यांनीच त्याला आपली शंभर कोटी डॉलरांची चूक म्हटले. त्या शून्याच्या जागी काही आहे असे गृहीत धरून आज्ञावली वाचू लागली, की संगणकाची मूळ यंत्रणा तिला तत्काळ बंद करते. यंत्रणेचे त्यात चुकत नाही. परंतु पाने धडधाकट असूनही ती वाचकाच्या डोळ्यांपुढून जातात. अर्धा भरलेला अर्ज असेल तर तोही जातो.

एव्हिन्स आणि ऑक्युलर या मुक्त आज्ञावली पीडीएफ उलगडण्यासाठी ‘पॉप्लर’ या सामाईक संचावर विसंबतात. २०१८ साली या संचात नेमका हाच दोष आढळला : पानावर टाचलेले सहपत्र खरोखर आहे काय, हे न पाहताच ते पुढे दिले जात होते. ०.७०.० या आवृत्तीत तो दूर झाला. पण लगेच ०.७१.० मध्ये दिसले की, सहपत्र जतन करणारा भागही मजकुराचा प्रवाह आहे की नाही हे तपासत नाही. आणि सहपत्रे वेगळी काढणारे साधन फाइलीचे नावही तपासत नाही. एका दारावर पहारा बसला होता, शेजारची दोन उघडीच होती! दोष सापडला की त्याची भावंडे शोधावीत, ही शिस्त आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

सामाईक संचाने ‘सहपत्र नाही’ असे सांगितल्यावर दर्शक आज्ञावलीनेही ते ऐकले पाहिजे. येथे काही मित्र म्हणतात, बिघडलेले सहपत्र मुकाट्याने यादीतून गाळावे. मला हे पटत नाही. २०१२ पासून पीडीएफ/ए-३ या जतन-मानकाने कोणत्याही प्रकारची फाइल सहपत्र म्हणून मान्य केली आहे. जर्मनीतील त्सुगफेर्ड पद्धतीच्या बिलात यंत्राने वाचायचा हिशेब सहपत्रातच असतो. ते मुकाट्याने गाळले, तर हिशेब जोडलाच नव्हता असा वाचकाचा समज होईल. पाने दाखवावीत, यादीत नाव ठेवावे आणि त्यापुढे ‘उघडता येत नाही’ असे लिहावे.

दुरुस्ती झाल्यावर ती बिघडलेली फाइल पुसून टाकू नये. चाचणीच्या संग्रहात ती ठेवावी, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीने आधी ती उघडून दाखवावी.