भंडारदऱ्याचे काजवे आणि आपला कॅमेरा



मेअखेर भंडारदऱ्याला तंबूत राहून काजवे पाहायचे ठरल्यापासून 'कॅमेरा कोणता घ्यावा?' असे पुष्कळजणी विचारीत आहेत. किंमत मागाहून पाहू. आधी एवढे पाहावे, की त्याचा फ्लॅश पुरता बंद करता येतो ना.

हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांवर लुकलुकणारा तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद होय. पंख फुटल्यावर काजव्याच्या वाट्याला जेमतेम २-३ आठवडे येतात. तेवढ्यात जोडी जमली नाही, तर पुढल्या साली काजवे कुठले? आपला फ्लॅश, बॅटरी, मोटारीचे दिवे यांत ती साद बुडून जाते. बरे, फ्लॅश मारून काजवा फोटोत येतो म्हणावे, तर तेही नाही. येतात ती नुसती पाने! शिवाय हे रान १९८६ पासून अभयारण्य आहे.

तेव्हा ज्याचे शटर १५ ते ३० सेकंद उघडे राहते आणि फोकस हाताने जुळवता येतो, तो कॅमेरा आपल्या कामाचा. नव्या मोबाईलमधली रात्रीच्या फोटोची सोयही चालेल. तीन पायांचा स्टँड मात्र हवाच. पोळ्या लाटून हात कितीही खंबीर झालेला असो, ३० सेकंद तो हलल्यावाचून राहत नाही. फोकस दिवस मावळण्यापूर्वीच दूरच्या झाडावर जुळवून ठेवावा, कारण अंधारात यंत्र चाचपडते. स्क्रीनचा उजेडही अगदी मंद करावा.

दिवसा १९२६ सालचे धरण, रतनगड, कळसूबाईचे १६४६ मीटरांचे शिखर यांचे फोटो हवे तितके घ्या. त्यांना कोणताही कॅमेरा चालतो.