मोटारसायकलीचे ब्रेक पॅड घरी बदलताना

कल्याणहून नांदेड, भोकरमार्गे निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. 61 भैंसा येथून जातो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. त्यानंतर तो आदिलाबाद जिल्ह्यात आला आणि 2016 पासून निर्मल जिल्ह्यात मोडतो. सीमा बदलल्या, तरी सोयरीक आणि बाजारहाट दोन्ही बाजूंना चालूच राहिले. हे जाणेयेणे आज बरेचसे मोटारसायकलीवरच होते. एकाच गाडीवर नवरा-बायको, मूल आणि वर बियाण्याची पिशवी, हे दृश्य नित्याचेच आहे. अशा भारलेल्या गाडीचा वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते.

पूर्वीच्या राजदूत व येझदी गाड्यांना ड्रम ब्रेक असत. आता पुष्कळ गाड्यांच्या पुढील चाकास डिस्क ब्रेक असतो. लिव्हर ओढताच तेलाच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन सरकतो आणि पॅड चकतीवर आवळले जातात. चकती उघडी असल्याने पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल थेट पॅडपर्यंत पोहोचतो व झीज वाढते. पॅडवरील झिजेची खाच दिसेनाशी झाली, किंवा अस्तर दीड-दोन मिलिमीटरच उरले, तर पॅड बदलावेत. करकर आवाज येईपर्यंत थांबणारा पुढे चकतीचेही पैसे मोजतो.

हे काम घरी होण्यासारखे आहे. गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर लावून, ब्रेक निवल्यावर कॅलिपरचे बोल्ट काढावेत. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावा. जुने पॅड काढल्यावर साचलेली धूळ तोंडाने फुंकू नये; जुन्या काळच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि आजची धूळही फुप्फुसांना हितावह नाही. ती ओल्या फडक्याने पुसावी. त्यानंतर लाकडी तुकड्याने पिस्टन हळूहळू आत सारावा. या वेळी टाकीतील तेल वर चढते. ते गाडीवर सांडल्यास रंग जातो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. पॅड बाहेर असताना लिव्हर मुळीच ओढू नये. ग्रीस लागलाच, तर सरकत्या पिनांना किंचित लावावा. अस्तरास व चकतीस त्याचा स्पर्शही होऊ नये. अस्तराची बाजू चकतीकडे ठेवून नवे पॅड बसवावेत. ही सूचना हास्यास्पद वाटेल, परंतु घाईत पॅड उलटेही बसविले जातात.

बोल्ट पक्के आवळले, की काम संपले असे वाटते. धोका नेमका येथेच असतो. पिस्टन मागे सारलेला असल्याने पॅड चकतीपासून दूर असतात. पहिल्यांदा ओढलेला लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. हमरस्त्यावर आल्यावर हे कळून उपयोग नाही. म्हणून गाडी उभी असतानाच लिव्हर कडक होईपर्यंत पुन्हापुन्हा ओढावा, तेलाची पातळी पाहावी व गाडी अंगणात ढकलून ब्रेक तपासावा. इतके करूनही लिव्हर मऊच राहिला, अथवा कॅलिपरभोवती तेल पाझरताना दिसले, तर गाडी चालवीत न नेता मिस्त्रीलाच घरी बोलवावे. नवे पॅड चकतीवर नीट बसेपर्यंत पहिले काही दिवस गाडी बेताने हाकावी आणि मागे माणूस बसवू नये.