जिम लावावी की घरीच व्यायाम करावा?

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा बहुतेक जण पन्नाशीच्या आत होतो. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचो. आज इमारत तीच, जिना तोच, लिफ्ट नाही. पण कठडा धरल्याशिवाय पायरी उतरता येत नाही असे आपल्यात बरेच आहेत. दोघं-तिघं तर महिनोन् महिने खालीच आलेले नाहीत. म्हणून आज आठवणी बाजूला ठेवतो आणि आपल्या कट्ट्यावर नेहमी निघणाऱ्या प्रश्नावर बोलतो : या वयात जिम लावावी, की घरीच व्यायाम करावा?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या वऱ्हाडात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. तेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. त्यांच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखवले. त्याच काळात सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी घरोघरी सूर्यनमस्कार घालायला सांगत होते. त्याला यंत्र लागत नाही, आखाडा लागत नाही. १९३८ साली लंडनमध्ये त्यांचं या विषयावर इंग्रजी पुस्तक निघालं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. १९५१ साली गेले, तेव्हा ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.

मग बरोबर कोण? माझ्या मते दोघंही. आखाड्यात माती आणि मुद्गल होतेच. पण खरी गोष्ट होती वस्तादाची नजर. चुकलं की तो तिथंच सांगायचा. दोन दिवस दांडी मारली, तर सोबतचा पोरगा विचारायचा, "का रे, आला नाहीस?" राजेसाहेबांकडे स्वतःचा शिरस्ता होता. आपल्या घरी वस्तादही नाही आणि शिरस्ताही नाही. टीव्ही आहे.

पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही रोज सकाळी पद्मतीर्थाकडे फिरून येतो, पुरे झालं." चांगलंच आहे. पण जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांना तीन गोष्टी सांगते : आठवड्यात किमान १५० मिनिटं झपाझप चालण्यासारखा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. आपण पहिलीच करतो, तीही गप्पा मारत. म्हातारपणी पडणं, खुब्याचं हाड मोडणं आणि मग अंथरूण धरणं, हा क्रम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो टाळायला मांड्यांत ताकद आणि पायात तोल लागतो.

जिममध्ये शिकवणारा चांगला असेल तर जरूर जा. तरुण पोरांनी तर जावंच. पण आधी तीन महिन्यांचीच फी भरा. सूट मिळते म्हणून वर्षाचे पैसे भरतात आणि दीड महिन्यात जाणं बंद होतं. बँकेत अशा खात्याला आम्ही निष्क्रिय खातं म्हणायचो. फरक एवढाच, की बँकेतली रक्कम खातेदाराचीच राहते.

आमच्या वयाला मात्र घर पुरतं. बिनहाताची टणक खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता ते मोजा. ७० ते ७४ वयात पुरुषांचा आकडा १२ च्या आणि बायकांचा १० च्या खाली असेल, तर पाय कमजोर झाले असं समजा. मग रोज तेच उठणं-बसणं थोडं थोडं करा. ओटा धरून टाचा उचला, एका पायावर उभे राहा. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन झालं. श्वास रोखू नका. हृदयविकार, बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता कार्यकारिणीला दोन विनंत्या. शिल्लक रकमेतून ट्रेडमिल घ्यावी अशी सूचना आली आहे. ट्रेडमिल चालणंच देते, आणि ते रस्त्यावर फुकट मिळतं. त्यापेक्षा जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूलाही कठडा बसवा. दुसरं, सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी अर्धा तास सभागृह उघडं ठेवा. आम्ही आपापल्या खुर्च्या घेऊन येऊ. आपल्या वाशीमचा उन्हाळा असो की पावसाळा, खंड पडणार नाही. ज्यांना खाली येणं जमत नाही, त्यांच्या घरी त्याच जिन्यावरच्या दोघांनी जावं आणि सोबत करावं.

यंत्रं नसली तरी चालेल, पण "काल का नाही आलात?" असं विचारणारं माणूस पाहिजे. सोसायटी म्हणजे आणखी काय असतं?