टोप्या पांच, डोकें एक

अमेरिकेंतील एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेंत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत एक लहानसा समारंभ होतो. लांब मेजावर चार-पांच टोप्या मांडलेल्या असतात. प्रत्येक टोपीवर एकेका विद्यापीठाचें चिन्ह. मेजामागें सतरा-अठरा वर्षांचा एक धिप्पाड मुलगा, त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील किंवा आजी, आणि समोर शाळासोबती, शिक्षक व बातमीदार. मुलगा आभाराचे दोन शब्द बोलतो, एका टोपीकडे हात नेतो, थोडा घुटमळतो, आणि दुसरीच टोपी उचलून डोक्यावर घालतो. एकच गलका उडतो. त्याच क्षणीं शेंकडों मैलांवरच्या एका गांवांत लोक आनंदानें नाचूं लागतात, आणि दुसऱ्या एका गांवांत, ज्यांनीं ह्या मुलाला प्रत्यक्ष कधीं पाहिलेलेंहि नाहीं असे प्रतिष्ठित, वयस्क गृहस्थ तोंड पाडून बसतात.

मुलानें कोणत्या कॉलेजांत नांव घालावें, ह्या घरगुती प्रश्नाला एवढें सार्वजनिक स्वरूप कां यावें, ह्याचें श्रोत्यांना नवल वाटेल. आपल्याकडे कॉलेज ठरतें तें गुणांवर, फीवर आणि घरापासूनच्या अंतरावर. मुलगा क्रिकेट बरा खेळतो ही गोष्ट अर्जाच्या शेवटच्या ओळींत येते. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो चेंडू पायापेक्षां हातांतच अधिक असणारा आणि शिरस्त्राणें घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ मात्र कॉलेजांतच जन्मला आणि कॉलेजांतच वाढला. रटगर्स व प्रिन्स्टन ह्या दोन संस्थांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं झाला. त्याचे नियम आजच्याहून फार निराळे होते, पण विद्यापीठाच्या अब्रूसाठीं झगडण्याची हौस तेव्हांपासूनची. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत आज एक लाख सात हजारांवर प्रेक्षक बसतात. शिवाय धंदेवाईक संघांच्या मंडळाचा नियमच असा आहे कीं, शाळा संपून तीन वर्षें झाल्याखेरीज कोणाला तेथें प्रवेश नाहीं. तीं तीन वर्षें काढावयाचीं कोठें? विद्यापीठांत. दुसरी वाट जवळजवळ नाहींच.

ह्या मुलांना मिळविण्याच्या खटपटीला तिकडे सैन्यांतला शब्द आहे. मराठींत त्याला 'भरती' म्हणतां येईल. परंतु तो सारा व्यवहार पाहिला तर सैन्यभरतीपेक्षां लग्न जुळविण्याशींच त्याचें नातें अधिक जवळचें दिसतें. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला कीं टेहळणी सुरू होते. त्याच्या सामन्यांचीं चलच्चित्रें पाहून जाणकार मंडळी त्याला तारे बहाल करतात. पांच तारे म्हणजे परमावधि. तारे वांटणाऱ्या एका प्रमुख संस्थेकडे पांच ताऱ्यांचे मानकरी दरवर्षीं सुमारे बत्तीसच असतात, कारण धंदेवाईक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हां पहिल्या फेरींत बत्तीस जागा असतात. म्हणजे शाळकरी मुलाची ही पत्रिका तो बाविसाव्या वर्षीं काय होईल ह्या भाकितावर मांडलेली असते. मग स्थळें सांगून येऊं लागतात. पत्रें येतात, टेलिफोन येतात, आणि शेवटीं मुख्य प्रशिक्षक स्वतः घरीं येतो. लक्षावधि डॉलर पगाराचा हा गृहस्थ बैठकीच्या खोलींत अवघडून बसतो, पुढें आलेल्या पदार्थाची तारीफ करतो, आणि बोलतो तें मुख्यतः आईशीं. मुलाला मैदान दाखवावें पण आईला उत्तर द्यावें, हें मुरलेला प्रशिक्षक जाणून असतो. अभ्यास पुरा होईल ना? दुखापत झाली तर कोण पाहील? रविवारीं तो प्रार्थनेला जाईल ना?

त्यानंतर मुलगा आईवडिलांसह विद्यापीठाच्या खर्चानें दोन दिवसांच्या पाहुणचारास जातो. संघाचा गणवेश अंगावर चढवून त्याचीं छायाचित्रें काढतात, भोजनें होतात, अभ्यासाच्या सोयी दाखवितात. पाहुणे येणार म्हणून झाडून सारवून ठेवलेल्या घरावरून संसार ओळखतां येत नाहीं, तसेंच हेंहि. शहाणा मुलगा अशा वेळीं प्रशिक्षकाला चुकवून तेथल्या जुन्या खेळाडूंना गांठतो, आणि ज्या जागीं आपण खेळणार त्या जागेसाठीं आपल्यापुढें किती जण उभे आहेत तें मोजतो.

ही मोजणी कधीं कधीं पिढ्यान् पिढ्यांच्या निष्ठेवर मात करते. अलाबामा राज्यांत अलाबामा आणि ऑबर्न ह्या दोन विद्यापीठांचें वैर इतकें मुरलेलें आहे कीं, तेथें माणसाला आधीं पक्ष विचारतात आणि मग आडनांव, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९८२ सालीं बेसेमर गांवच्या बो जॅक्सन नांवाच्या मुलापुढें तीन वाटा होत्या. न्यूयॉर्कच्या यांकी ह्या बेसबॉल संघानें त्याला निवडलें होतें, म्हणजे पैसा समोर दिसत होता. अलाबामाकडे कीर्ति होती आणि बेअर ब्रायंटसारखा दैवत बनलेला प्रशिक्षक होता. ऑबर्न तर अलाबामाकडून लागोपाठ नऊ वर्षें हरलेलें. मुलानें कॉलेजांत जावें ही आईची इच्छा, म्हणून बेसबॉलचा पैसा बाजूला राहिला. अलाबामाकडून जें कळलें त्याचा अर्थ, खेळावयास मिळण्यासाठीं वर्ष-दोन वर्षें थांबावें लागेल, असा होता असें जॅक्सननें पुढें सांगितलें. ऑबर्ननें त्याला लगेच मैदानावर उतरविलें, आणि शिवाय बेसबॉल व धांवण्याच्या शर्यती ह्यांचीहि मोकळीक दिली. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें दोन्ही संघ समोरासमोर आले. शेवटचीं कांहीं मिनिटें उरलीं असतां जॅक्सननें सर्वांच्या डोक्यांवरून सूर मारला आणि ऑबर्ननें २३-२२ असा सामना जिंकला. नऊ वर्षांची पराभवाची माळ तुटली. १९८५ मध्यें देशांतील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारें हाइझमन पारितोषिक त्यालाच मिळालें. त्याच्या निवडींत नुसता हिशेबच होता असें मात्र नव्हे. जो संघ आपल्याला 'थांब' म्हणतो आणि जो 'ये' म्हणतो, त्यांतला फरक त्या वयांत फार मोठा वाटतो.

घराजवळचें विद्यापीठ सोडून शेजारच्या वैऱ्याकडे जाणारे मुलगेहि निघतात. ओहायो आणि मिशिगन ह्यांचें वैर अलाबामांतल्या वैराच्या तोडीचें. तरीहि ओहायोंतील क्लीव्हलंडचा डेस्मंड हॉवर्ड आणि फ्रीमाँटचा चार्ल्स वुडसन हे दोघेहि सीमा ओलांडून मिशिगनला गेले, आणि १९९१ व १९९७ सालीं दोघांनींहि हाइझमन पारितोषिक मिळविलें. ओहायोच्या लोकांना ह्याची बोच अजून आहे.

मुलाच्या निवडीचें ओझें ज्या गोष्टीमुळें वाढलें, ती मात्र वैराशीं संबंध नसलेली एक कागदी गोष्ट होती. १९६४ पासून मुलगा एका संकल्पपत्रावर सही करीत असे. सही झाली कीं तो त्या विद्यापीठाला बांधला जाई. मन पालटून दुसरीकडे गेला तर फुटबॉलमध्यें त्याला एक वर्ष बाहेर बसावें लागे. प्रशिक्षकावर असें बंधन नव्हतें. ज्यानें आईसमोर बसून चार वर्षांचीं वचनें दिलीं, तोच दुसऱ्या विद्यापीठाचा अधिक पगार पाहून निघून गेला, असें वारंवार घडे, आणि मुलगा मागें राही. शिष्यवृत्ति तरी पक्की असावी. पण १९७३ पासून जवळजवळ चाळीस वर्षें तीहि एकेका वर्षाचीच असे आणि पुढील वर्षीं चालू ठेवावयाची कीं नाहीं हें विद्यापीठ ठरवी. हा व्यवहार न्यायाचा होता असें म्हणणें कठीण आहे.

पैशाचा इतिहास तर हुंड्याच्या इतिहासासारखा आहे: देणें निषिद्ध, घेणें निषिद्ध, आणि व्यवहार चालूच. १९२९ मध्यें कार्नेगी प्रतिष्ठानाच्या अहवालानें ही गोष्ट चव्हाट्यावर मांडली होती. केवळ खेळासाठीं शिष्यवृत्ति देण्यास देशव्यापी मान्यता मिळाली ती १९५६ च्या सुमारास. गुप्त पैशाचा कळस झाला टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठांत. वारंवार पकडल्या गेलेल्या त्या विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण हंगामच क्रीडासंघटनेनें रद्द केला. पुढें काळ पालटला. जुलै २०२१ पासून खेळाडूला आपलें नांव व चेहरा ह्यांच्या जाहिरातींतून उघडपणें पैसा मिळवितां येऊं लागला, आणि त्याच वर्षीं एकदां विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभाहि मिळाली. जून २०२५ मध्यें एका संघराज्य न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीप्रमाणें विद्यापीठानेंच सर्व खेळांतील आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षीं मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वांटावे असें ठरलें.

ह्यामुळें मुलाची निवड सोपी झाली काय? मिशिगनमधील बेलव्हिल गांवच्या ब्राइस अंडरवुडनें जानेवारी २०२४ मध्यें दूरच्या लुइझियाना स्टेटला शब्द दिला आणि नोव्हेंबरमध्यें तो फिरवून घरापासून थोड्याच मैलांवरचें मिशिगन विद्यापीठ पत्करलें. वृत्तपत्रांनीं ह्या बदलामागें एक कोटी डॉलरांहून अधिक रकमेची बातमी छापली. घराची ओढ किती आणि पैशाची किती, हें तराजूंत घालणारा कोण? दुसऱ्या बाजूला जेडन रशाडाची हकीकत आहे. त्यानें डिसेंबर २०२२ मध्यें फ्लॉरिडा विद्यापीठाच्या पत्रावर सही केली. त्यामागें सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरांचा वायदा होता. तो पैसा आलाच नाहीं. महिन्याभरांत त्यानें सुटका मागून घेतली, आणि २०२४ मध्यें प्रकरण न्यायालयांत नेलें. पैशाचें वचनहि शेवटीं वचनच असतें.

ह्या सर्व गोंधळांत एका मुलाची निवड मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ट्रॅव्हिस हंटर हा आपल्या वर्षांतला अव्वल गणला गेलेला खेळाडू फ्लॉरिडा स्टेटला जाणार हें ठरलेलें होतें. डिसेंबर २०२१ मध्यें सहीच्या दिवशीं त्यानें जॅक्सन स्टेटची निवड केली. मिसिसिपींतील ही संस्था ऐतिहासिक परंपरेनें कृष्णवर्णीयांची, आणि फुटबॉलच्या दृष्टीनें एक पायरी खालच्या वर्गांतली. अशा श्रेणीचा मुलगा तेथें जाईल हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. पण तेथें डिऑन सँडर्स हा प्रशिक्षक होता, आणि हंटर ज्या जागीं खेळे त्याच जागेवरचा तो एके काळचा श्रेष्ठ खेळाडू. वर्षभरांत सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठाकडे गेला. जुन्या नियमांत हंटर मागें अडकला असता, नव्या नियमांत तो गुरूच्या पाठोपाठ गेला. २०२४ चें हाइझमन पारितोषिक त्याला मिळालें. त्यानें विद्यापीठ निवडलें नव्हतेंच, गुरु निवडला होता, आणि गुरूबरोबर जाण्याची मोकळीक त्या वेळेपर्यंत कायद्यानें आली होती.

मात्र पांच टोप्या ज्यांच्यापुढें मांडल्या जातात असे मुलगे मूठभरच. अमेरिकेंतील शाळांतून सुमारे दहा लाख मुलें हा खेळ खेळतात. त्यांतलीं शंभरांत सातच्या आसपास कॉलेजच्या संघांत पोहोंचतात, आणि कॉलेजांतून धंदेवाईक संघांच्या निवडीस पात्र ठरणाऱ्यांपैकीं शंभरांत दोघेहि निवडले जात नाहींत. नव्या मोकळिकीचा तोटाहि ह्याच सामान्य मुलाला बसतो. कारण प्रशिक्षकाला आतां दुसऱ्या विद्यापीठांतून एकवीस वर्षांचा तयार, कसलेला गडी आणतां येतो. सतरा वर्षांच्या कोंवळ्या मुलाला घेऊन दोन वर्षें घडविण्याचा धीर तो कशाला धरील? २०२५ च्या तडजोडींत सामील झालेल्या विद्यापीठांच्या संघाला एकशें पांच खेळाडूंची मर्यादा पडली. पूर्वी शिष्यवृत्तीवांचून, केवळ हौसेनें संघांत येणाऱ्या कित्येकांना त्यामुळें जागा उरली नाहीं. अशा मुलाच्या घरीं नामांकित प्रशिक्षक येत नाहीं. त्याला एखाद्या लहान विद्यापीठाचें एकच पत्र येतें, आणि त्याच्या आईनें विचारावयाचे प्रश्न मात्र तेच असतात: गुडघा मोडला तर शिक्षण चालू राहील काय, आणि हा प्रशिक्षक पुढच्या वर्षीं येथें असेल काय?

जुनें संकल्पपत्र ऑक्टोबर २०२४ मध्यें रद्द झालें. त्याच्या जागीं आतां शिष्यवृत्तीचा करार आणि, नशीब असेल तर, पैशाच्या वांटणीचा दुसरा करार येतो. मुदतीपूर्वीं निघून गेल्यास भरपाई कोणी द्यावी, हें कलम अशा करारांत आतां आढळूं लागलें आहे. मोठ्या घरचे मुलगे तें वकिलाकडून वाचवून घेतात. लहान गांवांत तें शाळेचा फुटबॉल शिक्षक मुलाच्या वडिलांबरोबर बसून वाचतो, आणि मुलगा अठरा वर्षांखालील असला तर खालीं सही वडिलांनाच करावी लागते.