हिवतापाची यकृतातील शिल्लक
(वार्षिक सभेतील निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेची माणसे. परंतु हिवताप हा हिशेबाच्या भाषेत सांगता येण्याजोगा विषय आहे.

ॲनोफिलीस डासाची मादी चावली की तिच्या लाळेतून जंतू आपल्या रक्तात उतरतात आणि लवकरच यकृत गाठतात. तेथे वाढून ते तांबड्या पेशींत शिरतात. व्हायव्हॅक्स प्रकारात दर ४८ तासांनी या पेशी फुटतात. दिवसाआड थंडी वाजते ती त्यामुळेच. काही जंतू नर-मादी रूप घेऊन पुन्हा डासाच्या पोटात जातात. तेथील त्यांची वाढ रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला पाहिली. त्या काळी आपला परभणी जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता, हे जाता जाता नमूद करतो.

खरी मेख यकृतात आहे. व्हायव्हॅक्सचे काही जंतू तेथे निद्रिस्त राहतात व कित्येक महिन्यांनीही जागे होतात. ताप उतरविणाऱ्या क्लोरोक्वीनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावे लागते. गर्भवती स्त्रिया व तान्ही बालके यांना मात्र ते देत नाहीत, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, कापूसवेचणीची घाई असते, आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. डास न चावताही तोच ताप पुढे परत येतो, मजुरी पुन्हा बुडते.

तेव्हा आप्तेष्टांना विनंती, की गोळ्यांचे पाकीट रुग्णाच्या स्वाधीन न करता आपल्याजवळ ठेवावे आणि चौदाव्या दिवशी ते रिकामे झाल्याचे पाहावे.